रेडबड की डॉगवुड? आधी जागा बघा, मग झाड

एप्रिलमध्ये अमेरिकेच्या पूर्वेकडच्या कुठल्याही नर्सरीत गेलात की पुढच्याच रांगेत ही दोन झाडं फुलून उभी असतात, एक गुलाबी-जांभळं रेडबड आणि एक पांढरं डॉगवुड, आणि नेमकं तिथेच सगळ्यांचं घोडं पेंड खातं. दोन्ही साधारण २०-३० फुटांची, दोन्ही मूळची इथल्याच जंगलांतली, मोठ्या झाडांच्या खाली वाढणारी, आणि फुलतातही जवळपास एकाच सुमाराला. मग काय, ज्याचं फूल आवडलं ते गाडीत टाकायचं आणि घरी जायचं. मला हे काही पटत नाही. फूल दोन-तीन आठवडे असतं हो, झाड वर्षभर त्याच जागी उभं राहणार आहे, तर आधी ती जागा बघा ना. ऊन किती, माती कशी, पाऊस पडल्यावर पाणी तिथे किती वेळ थांबतं. कारण दिसायला कितीही जोडीची वाटली तरी मातीच्या बाबतीत दोघांचे स्वभाव अगदी वेगळे आहेत.

आधी रेडबड घेऊ कारण ते सोपं आहे. शेंगवर्गातलं झाड, आपल्या आपट्या-कांचनाच्या नात्यातलं. फुलं पानांच्या आधी येतात आणि नुसती कोवळ्या फांद्यांवर नाही तर जुन्या जाड फांद्यांवर, कधीकधी थेट खोडाच्या काळपट सालीतून, फणस कसा खोडालाच लागतो तसे झुबकेच्या झुबके. फूल जेमतेम अर्धा इंचाचं, पण एकही पान नसताना अख्खं झाड त्यांनी भरलेलं असतं त्यामुळे रस्त्याच्या पलीकडून दिसतं. ही फुलं खाताही येतात, किंचित आंबट लागतात, सॅलडवर टाकतात लोक. मग हृदयाच्या आकाराची पानं येतात, आणि पानांसाठी म्हणून वेगळ्या जाती निघाल्यात, फॉरेस्ट पँसी जांभळट, रायझिंग सन पिवळी-केशरी. शेंगवर्गातलं म्हणून ते जमिनीत नायट्रोजन भरतं असं बरेच जण छातीठोकपणे सांगतात, ते खरं नाही, त्यासाठी मुळांवर जिवाणूंच्या गाठी लागतात, त्या याच्या मुळांवर नसतातच.

रेडबडला चिकणमाती चालते, थोडी अल्कलाइन माती चालते, पूर्ण ऊन चालतं, अर्धी सावली चालते. साचलेलं पाणी मात्र चालत नाही, तिथे मुळं कुजतात. नवीन वसाहतीतल्या घरांचं यार्ड डोळ्यासमोर आणा, बिल्डरने वरची चांगली माती खरवडून नेलेली, खाली मशीन फिरून फिरून दगडासारखी झालेली चिकणमाती, वर एक-दोन इंच माती पसरून लॉनच्या पट्ट्या अंथरलेल्या, आजूबाजूला एक मोठं झाड नाही. असल्या जागी मला कोणी विचारलं तर मी डोळे झाकून रेडबड सांगते. ओक्लाहोमाने १९३७ मध्ये याला राज्यवृक्ष केलं, तिथला उन्हाळा आणि वारा ज्याला माहितीये त्याला यातच काय ते कळेल.

पण रेडबडचे तोटे कोणी सांगत नाही. एक म्हणजे आयुष्य कमी, बागेत २०-२५ वर्षांत ते थकायला लागतं, कँकर नावाचा बुरशीचा रोग फांद्यांना लागतो, एकेक फांदी वाळत जाते. व्हर्टिसिलियम विल्ट हा झाड सुकवणारा बुरशीचा रोग तर मातीतूनच येतो आणि त्याच्यावर औषध नाही. दुसरं म्हणजे खोडापासून फांद्या अरुंद कोनात फुटतात, दोन जाड फांद्या एकमेकींना चिकटून वाढतात आणि मधे साल दाबली जाते, मग बर्फाच्या वजनाने किंवा वादळात झाड मधोमध फाटतं. म्हणून लहानपणीच एक मुख्य खोड निवडायचं, नाहीतर फांद्या रुंद कोनाच्याच ठेवायच्या. छाटणी फुलं संपल्या संपल्या, म्हणजे पुढच्या वर्षीची फुलं कापली जात नाहीत. आणि हो, हिवाळाभर त्या तपकिरी चपट्या शेंगा लटकत राहतात, मला त्या आवडतात, पण आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला झाड वाळलंय असंच वाटतं. जूनमध्ये पानांच्या कडेला अगदी कंपासने कापल्यासारखे अर्धगोल दिसले तर घाबरून फवारणी करू नका, लीफकटर जातीच्या मधमाश्या घरट्यासाठी ते तुकडे कापून नेतात, झाडाला काही होत नाही.

आता डॉगवुड. इथे मी जरा जास्त बोलणार कारण चुकीच्या जागी लावून मरणारी झाडं बहुतेक हीच असतात. आणि वाईट वाटतं, कारण चारही ऋतूंचा विचार केला तर रेडबडपेक्षा हे झाड कितीतरी सरस आहे. वसंतात पांढरं, कधी गुलाबी, ज्याला आपण पाकळ्या म्हणतो ती खरं तर पानांचीच बदललेली रूपं, चार, प्रत्येकीच्या टोकाला खाच, आणि खरी फुलं मधे हिरवट-पिवळी बारीक गर्दी करून बसलेली. सप्टेंबरपासून लालबुंद फळं, आपल्याला खायची नाहीत, पण पक्षी तुटून पडतात कारण त्यात चरबी भरपूर आणि स्थलांतराच्या आधी त्यांना तेच हवं असतं. मग पानं लाल-मरून होतात. हिवाळ्यात बारीक चौकटी पडलेली साल, आणि फांद्यांच्या टोकांना राखाडी बटणं, त्याच पुढच्या वर्षीच्या कळ्या. पाने सगळी सारखी दिसतात, झाड ओळखता येत नाही असं कोणी म्हणालं तर एक पान हळूच आडवं फाडून बघायला सांगा, दोन तुकडे वेगळे झाले तरी मधे पांढरे तलम धागे ताणलेले राहतात आणि खालचा तुकडा त्यांना लोंबकळतो. लाकूड इतकं कठीण आणि गुळगुळीत की कापड गिरण्यांमधले धोटे यापासून बनायचे. जपानने १९१२ मध्ये वॉशिंग्टनला चेरीची झाडं पाठवली ती गोष्ट सगळ्यांना माहिती असते, १९१५ मध्ये अमेरिकेने परतभेट म्हणून डॉगवुड पाठवली ते फार कोणाला माहिती नसतं.

एवढं सगळं खरं, पण लाड पुरवावे लागतात. मुळं अगदी वरवर पसरतात त्यामुळे उन्हाळ्यात माती तापली आणि सुकली की आधी हेच झाड तक्रार करतं, ऑगस्टमध्ये पानांच्या कडा भाजल्यासारख्या तपकिरी होतात. माती आम्लधर्मी हवी, पीएच ५.५ ते ६.५, पालापाचोळा कुजून भुसभुशीत झालेली, ओलावा धरणारी पण निचरा होणारी. म्हणजेच जंगलाच्या कडेची माती. लॉनच्या मधोमध, दिवसभर ऊन, दुपारी गरम वारा, अशा जागी झाड आधीच हैराण होतं आणि मग त्याला खोडकिडा लागतो, डॉगवुड बोरर. मग कोणी म्हणेल, लावा की गडद सावलीत. तेही नाही! गडद, दमट, हवा न खेळणाऱ्या जागी अँथ्रॅक्नोज येतो, या बुरशीने १९७० च्या दशकाच्या शेवटापासून पूर्वेकडच्या डोंगराळ जंगलांतली डॉगवुड प्रचंड प्रमाणात मारली, खालच्या फांद्यांपासून वाळत वर जातं. म्हणून हवं काय तर सकाळचं ऊन, पानांवरचं दव लवकर सुकवणारं, आणि दुपारनंतर मोठ्या झाडाची विरळ सावली. घराची पूर्व बाजू बऱ्याचदा अशी असते. स्प्रिंकलरचं पाणी पानांवर पडत असेल तर तो आधी वळवा, आणि लॉनचं नायट्रोजनवालं खत याच्या बुंध्याशी जाऊ देऊ नका, कोवळी पालवी भसाभस येते आणि तिच्यावर भुरी, म्हणजे पांढरी बुरशी, बसते.

जात बघून घेतली तर निम्मी काळजी कमी होते. अपालाचियन स्प्रिंग ही टेनेसी विद्यापीठाने आणलेली जात अँथ्रॅक्नोजला टिकते, तिचं मूळ झाड मेरीलँडमधल्या कॅटॉक्टिन डोंगरात सापडलं, आजूबाजूची डॉगवुड त्या रोगाने मेलेली असताना ते जिवंत होतं. भुरीचा त्रास असलेल्या भागात जीन्स अपालाचियन स्नो बघा, तीही टेनेसी विद्यापीठाचीच. नर्सरीवाले कूसा डॉगवुडही पुढे करतील, ते रोगाला चांगलं आहे पण आशियातलं झाड आहे, पानं आल्यावर उशिरा फुलतं आणि पाकळ्या टोकदार असतात, तेव्हा पाटी नीट वाचा.

लावण्याची पद्धत दोघांची सारखीच. खड्डा खणायच्या आधी ८११ ला फोन, गॅस आणि केबलच्या लाइनींवर फुकटात खुणा करून जातात. खड्डा रुंद, कुंडीच्या दुप्पट-तिप्पट, पण खोल नाही, खोड जिथे मुळांकडे पसरायला लागतं तो भाग मातीच्या वर दिसला पाहिजे. कुंडीत गोल गोल फिरलेली मुळं सोडवा नाहीतर कापा. रेडबड छोटंच घ्या, मोठं रेडबड उपटून लावलेलं सहन करत नाही, छोटं मात्र पटापट वाढतं. मल्च, म्हणजे मातीवर पसरायचा लाकडाच्या चुऱ्याचा किंवा पाल्याचा थर, दोन-तीन इंच, पण बुंध्यापासून लांब, आळं केल्यासारखं, खोडाला टेकवून डोंगर रचतात तो अजिबात नको. या मल्चचा अजून एक फायदा म्हणजे गवत कापणारा माणूस ट्रिमर घेऊन खोडाजवळ येत नाही, डॉगवुडची साल पातळ असते आणि ट्रिमरच्या जखमेतूनच तो खोडकिडा आत शिरतो. त्याच कारणाने डॉगवुडची छाटणी झाड झोपलेलं असताना, हिवाळ्यात. पाणी पहिली दोन वर्षं नियमित आणि खोलवर, नंतर रेडबड आपलं आपण बघतं, डॉगवुडला कोरड्या उन्हाळ्यात तेव्हाही द्यावं लागतं.

आणि ज्यांना दोन्ही हवीत त्यांनी खुशाल लावावीत. जॉर्ज वॉशिंग्टनने माउंट व्हर्ननला, म्हणजे त्याच्या राहत्या इस्टेटीत, तेच केलं होतं, १७८५ च्या डायरीत त्याने डॉगवुडचं वर्तुळ आणि मधे एक रेडबड लावल्याची नोंद आहे. आपल्या यार्डात वर्तुळाएवढी जागा कुठली, पण दोन झाडांमधे २० फूट सोडता येत असतील तर रेडबड उन्हाच्या बाजूला, पश्चिमेला लावा आणि डॉगवुड त्याच्या पूर्वेला, म्हणजे चार-पाच वर्षांनी दुपारच्या सावलीची सोय रेडबडच करेल.