वेठीस धरलेला शिमोन आणि मी

आई गेल्यावर आठ महिन्यांनी मी जेरुसलेमला जाऊन क्रुसाची वाट चालले, म्हणजे येशू क्रूस घेऊन ज्या रस्त्यानं गेला असं मानतात तो रस्ता. अंतर म्हणाल तर जेमतेम 600 मीटर, पण त्या प्रवासातल्या एकेका प्रसंगाची आठवण म्हणून प्रार्थनेचे थांबे 14, आणि शेवटचे पाच तर पवित्र कबरेच्या चर्चमध्येच आहेत. दर शुक्रवारी फ्रान्सिस्कन संघाचे फादर लोक प्रार्थना करत ही वाट चालतात, आमचा ग्रुप त्यांच्याच मागून निघाला, हिवाळा होता, दुपारचे 3.

मला वाटलेलं सगळं शांत असेल. कसलं काय! अरुंद गल्ल्या, दोन्ही बाजूंना दुकानं, इकडे प्रार्थना चाललीय आणि शेजारी भाव ठरतोय. आधी राग आला, मग वाटलं त्या दिवशीही असंच असणार ना, यहुद्यांचा वल्हांडणाचा सण, शहरात ही गर्दी, आणि त्यातून येशू क्रूस ओढत चाललाय, निम्म्या लोकांचं लक्षही नसेल.

खरं सांगायचं तर मी पाचव्या थांब्यासाठी आले होते. शिमोन कुरेनेकरच्या. हा बिचारा शेतावरून येत होता, त्याचा यात काही संबंध नाही, शिपायांनी धरलं आणि क्रूस त्याच्यावर लादला. मराठी बायबलात शब्द आहे वेठीस धरणं. आईला पक्षाघात झाला तेव्हापासून तो शब्द माझ्या डोक्यात बसला होता. चार वर्षं दर दोन तासांनी तिची कूस बदलायची, रात्रीसुद्धा, नाहीतर पाठीला जखमा होतात. उजवी मूठ घट्ट वळलेली, आत घाम साचून वास यायचा, रोज सकाळी एकेक बोट सोडवून तळवा पुसायचा. लोक म्हणतात किती प्रेमानं केलंस, पण मी कित्येक दिवस दातओठ खाऊन केलंय आणि देवाला विचारलंय, मीच सापडले का तुला?

पाचव्या थांब्याशी रस्ता उजवीकडे वळतो आणि चढ लागतो. कोपऱ्यावर छोटं चॅपल आहे, दाराच्या उजव्या बाजूला भिंतीत एक दगड, त्यात हात मावेल एवढा खोलगट भाग, येणाऱ्या-जाणाऱ्यांनी हात लावून लावून गुळगुळीत झालेला. येशूनं तोल सावरायला इथे हात टेकला अशी परंपरा आहे. मी माझा उजवा तळवा त्यात टेकला, पूर्ण उघडा, बोटं पसरून, आणि आईची ती मूठ आठवली आणि मग मला रडू आवरेना.

तिथेच सुचलं की शिष्य बहुतेक पळालेले, बायका लांबून बघत होत्या, आणि ज्याला जबरदस्तीनं आणला तोच त्या चढावर येशूच्या सगळ्यात जवळ होता, त्याचा श्वास ऐकू येईल इतका. रात्री 2 वाजता आईला कुशीवर वळवताना मी एकटी नव्हतेच तर. आणि शुभवर्तमान लिहिणारा मार्क शिमोनाच्या मुलांची नावंही देतो, आलेक्सांद्र आणि रूफ, म्हणजे त्याच्या वाचकांना ती ओळखीची असणार. त्या वेठीतून त्या घरात काहीतरी राहिलं. दुःख चांगलं असतं असं मी मुळीच म्हणणार नाही, येशूनं स्वतः गेथशेमाने बागेत हा दुःखाचा प्याला टळू दे म्हटलंय. पण प्रेषित पौल करिंथकरांना पत्रात लिहितो ना, की देव आपल्याला जो धीर देतो तो दुसऱ्या दुःखी माणसाला देता यावा म्हणून, ते मला पहिल्यांदा माझ्यासाठी लिहिल्यासारखं वाटलं.

चर्चमध्ये कालवारीच्या, म्हणजे येशूला क्रुसावर दिलं त्या जागेच्या, उभ्या पायऱ्यांशी रांग होती. आमच्याच ग्रुपमधल्या एक ताई, दिवसभर गप्प होत्या, हळूच म्हणाल्या, "अगं, यांचा हात असाच वळलाय, उघडायला गेलं की ओरडतात, मी काय करू?" मी त्यांचा हात हातात घेतला, मूठ वळायला सांगितली आणि दाखवलं, बोटं ओढायची नाहीत ताई, आधी मनगट असं आत वाकवा, हळू, बघा, बोटं आपोआप सैल पडतात. त्यांनी माझ्या हातावर करून बघितलं. परत एकदा केलं. रांग पुढे सरकली.