एकवीस, बारा आणि झावळीचे हीर

गेल्या पावसाळ्यात, दुसरीत जाणाऱ्या माझ्या धाकट्या मुलीने 'एकवीस' ऐकून वहीत १२ लिहिले आणि 'त्रेपन्न' ऐकून ३५. तो हलगर्जीपणा समजून मी तिच्याकडून प्रत्येक संख्या दहा-दहा वेळा गिरवून घेतली. त्याचे मला आजही वाईट वाटते, कारण ती कानावर पडलेल्या क्रमानेच लिहीत होती. 'एकवीस' म्हणताना एक आधी येतो आणि वीस नंतर, लिहिताना मात्र दशक आधी. 'एकोणतीस' तर त्याहून अवघड, कारण उच्चारात तीस आहेत आणि लिहायचे आहेत दोन दशक. एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत हीच रीत चालते आणि नव्व्याण्णवला अचानक मोडते.

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक' असे संख्यावाचन 'एकवीस'सारख्या रूढ नावांच्या जोडीला आले, तेव्हा महाराष्ट्रभर वाद झाला होता. गणितज्ञ मंगला नारळीकर यांनी त्या पद्धतीची बाजू मांडली होती; ती मला आता पटते. तरी घरात, बाजारात, एसटीच्या तिकिटाला 'एकवीस'च ऐकू येणार असल्यामुळे मुलांना दोन्ही यायला हवे, असे माझे मत आहे.

आमच्या अलिबागकडच्या वाडीत झावळ्यांना तोटा नाही. सासूबाई खराट्यासाठी हीर काढत होत्या, त्यांतले मूठभर मी मागून घेतले आणि दहा-दहा हिरांच्या जुड्या सुतळीने बांधल्या. महिनाभर वही बंद ठेवून आम्ही फक्त जुड्या आणि सुटे हीर मांडत राहिलो. एकोणतीससाठी ती तीन जुड्या घेई, एकीतला हीर ओढून काढी आणि उरलेल्या सुट्या नऊकडे बघत 'म्हणजे दोनच जुड्या राहिल्या' असे म्हणे. पुढे बत्तीसातून पाच काढायचे होते. समोर सुटे हीर दोनच होते. ती बराच वेळ तशीच बसून राहिली, मग काही न विचारता तिने एका जुडीची सुतळी सोडली. 'हातचा' हा शब्द मी त्यानंतर सांगितला, आणि तो तिला समजावून सांगावा लागला नाही.

पाढ्यांबाबत मी घाई केली नाही. पाऊणकी, म्हणजे पाऊणचा पाढा, मात्र सासऱ्यांमुळे आली. भरतीची वेळ काढायला तिथीची पाऊणपट करायची, हा किनाऱ्यावरचा जुना ठोकताळा आहे. मुलीला कुलाबा किल्ल्यात चालत जायचे होते आणि तिथे ओहोटीलाच चालत जाता येते. संकष्टीच्या आदल्या रात्री आजोबांनी तिच्यापुढे चार हीर ठेवले. चारांचे चार सारखे भाग करून तिने एक बाजूला सारला. उरले तीन, म्हणजे भरती सुमारे तीनला. भरती-ओहोटीत सहा तासांहून थोडे अधिक अंतर असते, हे आजोबांनी सांगितल्यावर तिने घड्याळाच्या तबकडीवर बोट मागे फिरवत नेले आणि पावणेनऊपाशी थांबवले.

सकाळी आठ वाजता आम्ही किनाऱ्यावर पोहोचलो, तेव्हा किल्ल्याच्या वाटेवर घोट्याएवढेच पाणी उरले होते.