पत्रपेटीवरचं आडनाव

जर्मनीत मास्टर्स करणाऱ्या मुलांना कशाची धास्ती वाटते असं विचारलं, तर इथले लोक थंडीचं नाव घेतात. मी जिन्याखालच्या पत्रपेटीचं घेईन.

लेक्चर इंग्रजीत, प्रबंध इंग्रजीत, लॅबमधली थट्टासुद्धा इंग्रजीत. पेटीतलं पत्र मात्र अस्सल जर्मन. बँकेचं कार्ड एका पाकिटात, त्याचा पिन दुसऱ्या. अनमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची नोंदणी, केली की अकरा आकडी कर क्रमांक येतो, मग विम्याचं पत्र, आणि मागोमाग रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं. २०२१ साली ती महिन्याला १८.३६ युरो झाली. ‘पण आमच्याकडे टीव्हीच नाही!’ हे सगळेच सांगून बघतात. वर्गणी घरामागे असते, टीव्हीमागे नाही. एका घरात चौघं राहत असतील तर एकानं भरायची. तो एक कोण, यावर रात्र रात्र खल चालतो.

पेटीवर आडनाव चिकटवलेलं नसेल तर पत्र सरळ परत जातं. ‘मारुतीच्या देवळामागे’ एवढ्यावर घर शोधणाऱ्या पोस्टमनच्या गावातून आलेल्या मुलाला हे पटायला वेळ लागतो. बोटभर पट्टीवर सहस्रबुद्धे कसंबसं मावतं. (जर्मनांची जोडआडनावं याहून लांब असतात, त्यामुळे कुणी हसत नाही.)

जर्मनच्या ए-वन, म्हणजे अगदी पहिल्या पातळीच्या, क्लासात पाव विकत घ्यायला आणि फलाट विचारायला शिकवतात. सरकारी पत्रातलं वाक्य चार ओळी चालतं. क्रियापद शेवटी येण्याची मराठी माणसाला सवय आहे, पण पैसे मागतायत की देतायत हे कळायला इतकं थांबायची नाही.

समक्ष जाऊन बोललं की काम होतं, हा आपला पिढीजात विश्वास. तिथे खिडकीवर उत्तर मिळतं: टर्मिन, म्हणजे आधी ठरवलेली वेळ, घ्या. ‘साहेब, जरा बघा ना’ म्हणायला समोर साहेबच नसतो. ओळख काढता येत नाही, म्हणजे दुसऱ्या कुणाचीही निघत नाही. हे मला न्यायाचं वाटतं, पण पहिल्या सेमिस्टरला या न्यायानं धीर येत नाही.

मग पत्राचा फोटो मराठी मुलांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जातो. भाषांतर फोनही करतो, पण पत्र किती रागावलंय ते सीनियरच सांगू शकतो. रात्री उशिरा एखाद्या ताईचं उत्तर येतं: ‘हे नुसतं माहितीचं आहे, झोप. कोर्टाचं किंवा सरकारी पिवळं पाकीट आलं तर मात्र फेकू नकोस हं, त्यावर पोस्टमननं लिहिलेल्या तारखेपासून मुदत मोजतात.’