पोटरीवरचं तेल

त्र्यंबक रोडच्या पलीकडे, पावसाने निसरड्या झालेल्या उतारावर एटीव्ही (खडबडीत रस्त्यावर चालवायची चारचाकी मोटारबाइक) उलटली आणि पंचविशीतल्या मुलाचा उजवा घोटा दोन्ही बाजूंनी मोडला. या गाड्यांचं हे नेहमीचंच. वळणावर गाडी कलली की पाय आपसूक जमिनीवर टेकतो, खाली अडकतो आणि दोन-अडीचशे किलोचं धूड त्यावर येतं. प्लेट आणि स्क्रू टाकून ऑपरेशन झालं. चौदाव्या दिवशी टाके काढून तो आमच्याकडे फिजिओथेरपीला आला. गुडघ्याचे, मांडीचे व्यायाम शिकवायचे, वॉकरवर उभं करायचं, उजव्या पायावर सहा आठवडे भार नाही. नाशिकमध्ये श्रावणातला सोमवार, ओपीडीला गर्दी तशी कमीच होती.

स्लॅबवरचं, म्हणजे पायाच्या अर्ध्या प्लास्टरवरचं, क्रेप बँडेज सोडलं तर पोटरी तेलाने चकाकत होती. निर्गुडीचा वास.

"दोन दिवस झाले, पोटरीत गोळा येतोय म्हणतो. रात्री जरा चोळून देते," आई म्हणाल्या.

टेप काढली. नडगीच्या वरच्या टोकाला हाडाचा जो उंचवटा लागतो, त्याच्या 10 सेंटिमीटर खाली दोन्ही पोटऱ्या मोजायच्या. उजवी 38.5, डावी 35. ऑपरेशन झालेला पाय थोडा सुजतोच, पण ती सूज घोट्याभोवती जास्त असते. पोटरीत 3 सेंटिमीटरच्या वर फरक, शिरेच्या रेषेत दाबल्यावर दुखणं, प्लास्टर आणि नुकतंच झालेलं ऑपरेशन, एवढं एकत्र आलं की खोल शिरेतल्या रक्ताच्या गुठळीचा संशय घ्यावाच लागतो. पाऊल वर ओढून पोटरीत दुखतं का, ही जुनी तपासणी भरवशाची नाही; त्यावर वेळ घालवला नाही. गुठळीसाठीची रक्ततपासणी, डी-डायमर, तेही इथे कामाचं नाही, ऑपरेशननंतर ते तसंही वाढलेलंच असतं. दम लागतो का, छातीत दुखतं का, हे विचारलं, ऑक्सिजन पाहिला (97), व्यायाम थांबवला आणि सर्जनना फोन केला. तासाभरात कलर डॉपलर, म्हणजे शिरांची सोनोग्राफी, झाला. प्रोबने दाबल्यावर शीर चपटी व्हायला हवी, गुडघ्यामागची झाली नाही. गुठळीच होती.

"मी चोळलं म्हणून झालं का हो?" आईंनी विचारलं.

नाही. पायाला मार, ऑपरेशन आणि दोन आठवडे पाय हलवला नाही, म्हणून झालं. टाके तुटतील या भीतीने पोरगं बोटंसुद्धा हलवत नव्हतं. स्लॅबमध्येही दर तासाला दहा वेळा बोटं हलवायची असतात, हे त्याला कुणी धड सांगितलेलं दिसत नव्हतं. चोळण्याचा धोका वेगळा: गुठळीचा तुकडा सुटला तर थेट फुफ्फुसात जाऊन अडकू शकतो. मालिश त्या क्षणी बंद. आईंनी तेलाची बाटली मुकाट्याने पिशवीत टाकली.

सर्जननी रिवारोक्साबॅन ही रक्त पातळ करणारी गोळी सुरू केली: 15 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, 21 दिवस, मग 20 मिलिग्रॅम रोज एकदा, किमान तीन महिने. गोळी अन्नासोबतच घ्यायची, नाहीतर अंगी नीट लागत नाही. त्याचा उपवास होता. साबुदाण्याची खिचडी चालेल, पण रिकाम्या पोटी गोळी नको. आणि दुखलं म्हणून मेडिकलमधून डायक्लोफिनॅक आणायची नाही, दोन्ही मिळून रक्तस्राव वाढतो.

औषध सुरू झालं की पलंगाला खिळून राहायची गरज नसते, म्हणून दोन दिवसांनी वॉकर दिला. तर उजव्या हाताने दाब देताना तो तोंड वाकडं करायला लागला. अंगठा ताणला की मुळाशी खळगा दिसतो, तिथे दाबलं तर हात झटकन मागे घेतला. अपघाताच्या दिवशीचा मनगटाचा एक्स-रे स्वच्छ होता, पण स्कॅफॉइडची (अंगठ्याच्या बाजूचं मनगटातलं छोटं हाड) चीर तेव्हा दिसतेच असं नाही. दहा-चौदा दिवसांनी पुन्हा काढावा लागतो. पुन्हा काढला, हाडाच्या मध्यावर बारीक रेघ दिसली. या हाडाला रक्त उलट्या दिशेने, बोटांकडच्या टोकाकडून मिळतं. दुर्लक्ष झालं तर कोपराकडच्या बाजूचा तुकडा मरू शकतो. म्हणजे मनगटालाही प्लास्टर आणि साधा वॉकर बाद.

तळव्याऐवजी कोपरापासूनचा हात टेकवायचा वॉकर आमच्याकडे एकच आणि तो दुसऱ्या पेशंटकडे गेलेला. शेवटी साध्या वॉकरच्या उजव्या बाजूला फोम लावलेली पन्हळ बसवली, कोपर काटकोनात राहील इतक्या उंचीवर. पहिल्या दिवशी ती सैल होऊन फिरली, तेव्हा खालून आणखी एक क्लॅम्प लावला.