बेल्ट किती ताणायचा?

आजचा दिवस जुन्या गाडीच्या फॅनबेल्टमध्ये गेला. बेल्ट ओरडला की लोक पहिलं काय करतात, तर पहार घालून अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारं यंत्र) ताणतात. आवाज थांबतो खरा, पण काही महिन्यांत त्याच बेल्टवर चालणाऱ्या वॉटरपंपाचं बेअरिंग घरघरायला लागतं.

इंजिन थंड असू द्या, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. अल्टरनेटरचा खालचा बोल्ट आणि वरच्या खाचेच्या पट्टीचा बोल्ट, दोन्ही थोडेच सैल करा. तरफ अल्टरनेटरच्या पुढच्या भागालाच टेकवून बेल्ट ताणा; मागचं ॲल्युमिनियमचं झाकण चटकन तडकतं. ताण धरूनच आधी पट्टीचा बोल्ट आवळा, मग खालचा.

दोन पुलींमधल्या सर्वांत लांब भागाच्या मध्यावर अंगठ्याने जोरात दाबलं की साधारण 10 ते 13 मिमी दबला पाहिजे. मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच धरा.

ताण बरोबर असूनही ओरडतोय? बेल्टच्या कडा बघा. काचेसारख्या चकाकत असतील तर बेल्ट बदला. व्ही-बेल्ट, म्हणजे व्ही आकाराच्या छेदाचा हा बेल्ट, कडांवर चालतो; तो पुलीच्या खाचेच्या तळाला टेकला असेल तर कितीही ताणा, घसरणारच.

नवा बेल्ट सैलावतो. 10-15 मिनिटं इंजिन चालवून, थंड झाल्यावर पुन्हा अंगठा लावायचा. हे मात्र हमखास राहतं.