एडवर्डियन माइल्ड: साखर जमली, आता पोहे

पहिल्या महायुद्धाआधीची इंग्लिश माइल्ड (कमी कडवट बिअर) घरी काढायचं डोक्यात घेतलं, तेव्हापासून सगळा वेळ साखरेनेच खाल्लाय. पेल माल्ट (मोड आणून वाळवलेलं फिकं जव) मिळतं, फगल जातीचे हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) मिळतात. पण तेव्हाच्या ब्रुअरीत जी नंबर तीनची इन्व्हर्ट साखर (ॲसिडने ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये फोडलेली) पडायची, ती किरकोळीत सहजी मिळत नाही, घरीच करावी लागते.

साखर घातली की बिअर भ्रष्ट झाली, असं मानणारे आपल्या घरी बिअर काढणाऱ्यांत बरेच आहेत. इंग्लंडपुरतं तरी हे मला मान्य नाही. तिथे साखरेला १८४७ पासून मुभा होती. १८८० मध्ये पंतप्रधान ग्लॅडस्टनने माल्टवरचा कर उठवून तो वर्टवर (आंबवण्याआधीच्या गोड रसावर) बसवला आणि मॅशमध्ये (गरम पाण्यात भिजवलेल्या भरड माल्टमध्ये) मका घाला, तांदूळ घाला, सरकारला फरक पडेनासा झाला. ब्रुअर लोकांनी ही मोकळीक निव्वळ पैसे वाचवायला वापरली असंही नाही. गिऱ्हाइकाला आता नितळ आणि लवकर तयार होणारी बिअर हवी होती. नुसत्या माल्टमधल्या प्रथिनांमुळे बिअर गढूळ राहायची. साखर आणि मका घातला की त्यांचं प्रमाण उतरायचं. १९०० नंतरची माइल्ड नुसत्या माल्टवर काढली तर बिअर चांगली होईल, पण ती त्या काळची होणार नाही.

तर कृती. १ किलो कच्ची ऊससाखर, अर्धा लिटर पाणी, १ ग्रॅम सायट्रिक ॲसिड. ११५ अंशांपर्यंत न्यायचं आणि आच इतकी मंद करायची की काटा तिथेच खिळून राहील. अर्ध्या तासात सोनेरी पाक होतो, तो नंबर एक, पेल एलचा. तिथे न थांबता तीन तास बसून राहायचं. मधेच रंग तांबूस होतो आणि बराच वेळ काही घडतच नाही. मग शेवटच्या टप्प्यात पाक भराभर काळवंडतो. बुडबुडे मोठे आणि आळशी होतात, आणि घरभर ताज्या काकवीसारखा वास सुटतो. थेंब पांढऱ्या बशीवर टाकला की कडा लालसर आणि मध्यभाग जवळजवळ काळा दिसला पाहिजे.

कारखान्यात हेच काम सल्फ्युरिक ॲसिडने व्हायचं. १९०० मध्ये मँचेस्टर-सॅलफर्ड भागात हजारो लोक आजारी पडले, सत्तरच्या आसपास दगावले. हातापायांच्या नसा गेल्या त्या दारूमुळे, असंच आधी डॉक्टरांना वाटलं. कारण निघालं आर्सेनिक: ॲसिड बनवायला वापरलेल्या खनिजातून ते ॲसिडमध्ये, तिथून साखरेत आणि मग बिअरमध्ये उतरलं होतं. पुढे लॉर्ड केल्व्हिनच्या अध्यक्षतेखाली रॉयल कमिशन बसलं. आपलं लिंबातलं ॲसिड बरं.

या वेळचा घाणा २० लिटरचा: पेल माल्ट ३.४ किलो, फ्लेक्ड (शिजवून चपटा केलेला) मका ३५० ग्रॅम, इन्व्हर्ट ५०० ग्रॅम, फगल ४५ ग्रॅम, दोन तास उकळ. ग्रॅव्हिटी (वर्टची घनता, पाण्याची १००० धरून) १०५०. जुन्या नोंदवह्यांत हा आकडा बऱ्याचदा पाउंडांत असतो, म्हणजे ३६ गॅलनचं बॅरल तेवढ्याच पाण्यापेक्षा किती पाउंड जड. एका पाउंडाला ग्रॅव्हिटीचे साधारण २.७७ अंश धरा. आपली बिअर १८ पाउंडांची झाली.

मॅश ६५ अंशांवर लावला आणि अर्ध्या तासाने ‘अंडरलेट’ केलं, म्हणजे मॅश टनच्या (मॅशच्या पिंपाच्या) खालच्या तोटीतून गरम पाणी वर चढवलं. ढवळायचं नाही. आधी काहीच होत नाही, मग कोंड्याचा थर एका बाजूने उचलला जातो, त्याला भेग पडते आणि सगळा मॅश तरंगायला लागतो. ढवळण्यापेक्षा हे कितीतरी सुटसुटीत, कारण नंतर वर्ट काढताना थर बसत नाही.

१६ अंशांवर यीस्ट सोडलं. दुसऱ्या दिवशी फेस टोपीसारखा वर आल्यावर तळाचा गाळ मागे ठेवून बिअर दुसऱ्या भांड्यात सोडली. तेव्हा बऱ्याच ब्रुअऱ्यांत हे ‘ड्रॉपिंग’ चालायचं. शेवटची ग्रॅव्हिटी १०१२, म्हणजे अल्कोहोल ५ टक्के. आजच्या साडेतीन टक्क्यांच्या माइल्डची सवय असेल तर ही दणकट वाटेल. युद्धाच्या काळात सरकारी निर्बंधांनी बिअर पातळ झाली, ती पुन्हा पहिल्यासारखी झालीच नाही. चवीला मनुका, थोडा करपट गूळ, पण शेवट कोरडा. नवख्याला गोड वाटेल अशी भीती असते, तसं अजिबात नाही. यीस्ट इन्व्हर्ट साखर जवळजवळ सगळी खाऊन टाकतं, मागे राहतो तो रंग आणि वास.

(इंग्लंडात १९६३ पासून स्वतःपुरती बिअर काढायला परवाना लागत नाही. भारतातल्या मंडळींनी आपापल्या राज्याचे अबकारी नियम आधी बघावेत.)

पुढच्या घाण्यात मक्याच्या जागी तांदूळ. तेव्हाच्या ब्रुअरीत फ्लेक्ड राइसही जायचा, आणि तो शिजवून घ्यायची गरज नसायची, तसाच मॅशमध्ये. जाडे पोहेही आधीच उष्णतेतून गेलेले असतात, त्यामुळे स्टार्च सुटायला अडचण येऊ नये. ३५० ग्रॅमच घेणार आहे, म्हणजे मक्याशी सरळ तुलना होईल. कुणी पोह्यांवर मॅश केला असेल तर वर्ट निथळायला किती वेळ लागला ते कळवा; पोह्यांना कोंडा नसल्याने थर चिकट होईल की काय, एवढीच शंका आहे.