खोलगट गच्चीखालचं संग्रहालय

फ्रान्सच्या बियारिट्झ गावातल्या समुद्र आणि सर्फिंग संग्रहालयाचा फोटो नागपुरात कुणालाही दाखवा. पहिला प्रश्न ठरलेला, "इमारत कुठाय बे?" आणि त्याच्या पाठोपाठ, "पोट्टे घसरगुंडी खेळत असतील इथं." हसण्यावारी न्यायच्या प्रतिक्रिया नाहीत ह्या. नव्या इमारतीबद्दल लोक जे पटकन बोलून जातात, त्यात बांधकामाचे निम्मे प्रश्न आलेले असतात. फक्त ते गवंड्याच्या भाषेत नसतात.

आधी इमारत. अमेरिकी वास्तुविशारद स्टीव्हन हॉल आणि मूळच्या ब्राझीलच्या कलाकार सोलांज फाबियाओ यांचं हे काम, २०११ साली खुलं झालेलं. कल्पना दोन शब्दांत सांगता येते: आकाशाखाली आणि समुद्राखाली. वर समुद्राकडे उघडणारं, परातीसारखं खोलगट आवार. त्याच परातीचं पोट खाली प्रदर्शनाच्या दालनात छत म्हणून फुगून आलेलं. आवारावर काचेचे दोन ‘खडक’ ठेवलेत, किनाऱ्याजवळच्या पाण्यात दिसणाऱ्या खऱ्या खडकांना जोडीदार म्हणून. एकात उपाहारगृह, दुसऱ्यात सर्फिंग करणाऱ्यांचा ठिय्या. नैर्ऋत्येच्या कोपऱ्यात स्केटबोर्डचं कोरडं कुंड. जमिनीवर पोर्तुगीज पद्धतीची बारकी दगडी फरशी, आणि दगडांच्या फटींत हळूहळू गवत वाढत जातं.

मोनॅकोचं समुद्रविज्ञान संग्रहालय १९१० चं. समुद्रापासून ८५ मीटर उंचीपर्यंत कड्याला धरून चढलेली दगडी दर्शनी भिंत, खांब, भव्य दार. तिथं ‘हे काय आहे’ असं कुणी विचारत नाही. बियारिट्झला दर्शनी भिंतच नाही, म्हणून दार शोधावं लागतं. लोक आवारात येतात, समुद्राचा फोटो काढतात आणि खाली संग्रहालय आहे हे कळायच्या आत निघूनही जाऊ शकतात. आकाराची ही किंमत आहे, पाट्या लावून ती पूर्ण फिटत नाही.

आता त्या परातीकडे बांधकामाच्या नजरेनं बघू. खरी गंमत इथंच आहे.

आपल्या घराच्या गच्चीला साधारण १०० ला १ ढाळ काढतात आणि पाणी कडेला, भिंतीलगतच्या पाइपात सोडतात. पाइप बाहेरून उतरतो, गळला तर भिंत ओली होते, आतलं वाचतं. परातीत सगळं उलट. सगळ्यात खालची जागा मधे, आणि तिच्या बरोबर खाली दालन. १,००० चौरस मीटरच्या खोलगट आवारावर तासाला १०० मिमी पाऊस पडला तर तासाभरात एक लाख लिटर पाणी जमतं, म्हणजे १०,००० लिटरचे दहा टँकर, सेकंदाला जवळजवळ २८ लिटर. आपल्या राष्ट्रीय बांधकाम संहितेच्या तक्त्याप्रमाणे या पावसाला १०० मिमीचा एक पाइप सुमारे ४२ चौरस मीटर छत सांभाळतो. म्हणजे असे २४ पाइप लागतील, आणि ते न्यायचे कुठून, तर प्रदर्शनाच्या डोक्यावरून. म्हणून अशा ठिकाणी सुटे पाइप न लावता खालच्या रेषेत लांब जाळीदार चर काढतात आणि पाणी इमारतीबाहेर पडेपर्यंत त्याला दालनात उतरू देत नाहीत.

दगडी फरशीत आणखी एक मेख आहे. पाणी फक्त दगडावरून वाहत नाही, फटींतून खालीही मुरतं आणि वॉटरप्रूफिंगच्या थरावर येऊन थांबतं. त्यामुळे चराला दोन पातळ्यांवर तोंडं हवीत, एक दगडाच्या पातळीला आणि दुसरं खाली थराच्या पातळीला. साइटवर नेमकं हे दुसरं तोंड बुजतं. दगडांच्या दर्जा, म्हणजे सांधे, भरताना सिमेंटचा माल खाली ओघळतो, भोकांत सुकतो, आणि वरून सगळं झकास दिसतं. मग पाणी थरावर साचून राहतं, मालातला चुना विरघळतो आणि दगडांच्या सांध्यांवर पांढरा खार फुटतो. बघणारा म्हणतो, "दगड खराब आणला." दगड चांगलाच असतो. फटींत गवत लावायचं असेल तर मुळं अडवणारा वेगळा थर टाकावा लागतो, नाहीतर गवत ओलीच्या मागे जात जात वॉटरप्रूफिंगपर्यंत पोचतं.

घसरगुंडीच्या प्रश्नाचं उत्तर ढाळातच आहे. चाकाच्या खुर्चीसाठी उतार जास्तीत जास्त १२ ला १. परातीच्या तळाशी तो जवळपास सपाट असतो, कडेला चढत जातो. मापाच्या पुढे गेला की तिथं वाट नाही, फक्त देखावा, आणि खुर्चीसाठी वेगळा, कठडा असलेला रस्ता काढून द्यावा लागतो. बारक्या दगडांवरून खुर्ची ढकलणाऱ्याचे हात भरून येतात, हेही विसरू नये. ओल्या दगडावर पाय किती धरतो हे दगड घेण्याआधी तपासायचं: गुळगुळीत केलेला नको, तासलेला किंवा फोडलेला घ्या.

स्लॅब जितका लांब तितका तो उन्हात वाढतो. काँक्रीट दर अंश सेल्सिअसला लांबीच्या लाखाव्या भागाएवढं वाढतं. ५० मीटरच्या स्लॅबला ४० अंशांचा फरक म्हणजे २० मिमी, एक बोट जाईल एवढी फट. काँक्रीटच्या कामाचं भारतीय मानक ४५६ सांगतं की बांधकाम ४५ मीटरच्या पुढे गेलं तर प्रसरण-सांध्याचा, म्हणजे वाढायला मुद्दाम सोडलेल्या फटीचा, विचार करायचा. बियारिट्झची हवा समुद्रामुळे सौम्य. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे आणि डिसेंबरच्या रात्री १० च्या खाली, शिवाय उन्हात स्लॅबचा पृष्ठभाग हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतो. आणि सांधा जिथे, तिथेच वॉटरप्रूफिंग फाटतं. परातीत तो सांधा तळाच्या रेषेवर ठेवणं म्हणजे विहिरीच्या बुडाला भोक ठेवणं.

पांढऱ्या काँक्रीटबद्दल बोलायला लोकांना फार आवडतं. बियारिट्झच्या बाहेरच्या भिंतींत दक्षिण फ्रान्सची खडी वापरली आहे. पांढऱ्या काँक्रीटमध्ये पांढरं सिमेंट पुरत नाही, वाळू आणि खडीही फिकी लागते, ती पूर्ण कामाला पुरेल एवढी एकाच खाणीतून. आपल्याकडचा काळा बेसाल्ट घातला की राखाडी छटा आलीच. सेंट्रिंगला, म्हणजे काँक्रीट ओतायच्या साच्याला, लावलेलं तेल जास्त झालं की पिवळे डाग, सळईची टोकं उघडी राहिली की पहिल्या पावसात गंजाचे ओघळ. म्हणून आधी एक-दीड मीटरचा नमुना ओतून तो एक पावसाळा उघड्यावर ठेवायचा. घाईत हेच वगळलं जातं. स्लॅबच्या कडेच्या खालच्या बाजूला बोटभर आत एक बारीक खाच ठेवली तर पाणी तिथं तुटून थेंब खाली पडतो, भिंतीवरून सरकत नाही. ही खाच विसरली की दोन पावसाळ्यांत भिंतीवर ओघळांच्या काळ्या मिशा उमटतात. वास्तुविशारदावर सगळ्यात जास्त टीका अशा मिशांमुळे होते, आकारामुळे नाही, असं आमचं स्पष्ट मत.

लोकांची बोलणी ऐकताना ती कधीची आहेत हे बघायचं. उद्घाटनाच्या महिन्यात सगळे आकारावर बोलतात. पहिल्या उन्हाळ्यात सावली, बाकडं, पाणी, संडास. तिसऱ्या-चौथ्या वर्षापासून ओल. आपल्याकडे दीडशे वर्षांचा पुरावा आहे: १८६३ च्या मध्यवर्ती संग्रहालयाला नागपूरनं ‘अजब बंगला’ म्हटलं आणि सरकारी नाव मागे पडलं. आणि १ जुलै २०२४ ला दीक्षाभूमीवर जनक्षोभ उसळला तो वरच्या १२० फुटी स्तूपाच्या रूपावरून नव्हे, शेजारी खाली चाललेल्या भूमिगत पार्किंगच्या खोदकामावरून. स्तूपाला धक्का लागेल ही भीती होती, आणि काम त्याच दिवशी थांबवावं लागलं. पायाखाली काय चाललंय ते दिसत नसेल तर ते लोकांना आधीच, नकाशा समोर ठेवून सांगायला हवं. खोदल्यावर सांगितलेलं कुणी ऐकत नाही.

असं काही आपल्या गावात बांधायचं ठरलंच तर पाण्याच्या चाचणीवर भांडा. सपाट गच्चीवर दोन इंच पाणी ४८ तास भरून ठेवतात. परातीत हे जमत नाही: कडेला दोन इंच पाणी उभं करायचं तर मधे ते मीटरच्या वर जाईल, आणि एक मीटर पाणी म्हणजे दर चौरस मीटरला एक टन. स्लॅब त्या वजनासाठी काढलेलाच नसेल. म्हणून क्युरिंगला, म्हणजे नवं काँक्रीट ओलं ठेवायला, बांधतात तशी बुटक्या बांधांची आळी बांधून तुकड्या-तुकड्यांनी पाणी धरायचं, एका वेळी एकच तुकडा, दोन तुकड्यांच्या मधे दोन दिवस कोरडे. एकदम सगळं भिजवलं तर गळती कुठली ते कळणारच नाही. कारण खाली छताला पोट आहे. पाणी स्लॅबमध्ये कुठूनही शिरलं तरी छताच्या पोटावरून ओघळत सगळ्यात खालच्या बिंदूला येतं आणि दालनाच्या मधोमध टपकतं. डाग नेहमी एकाच जागी. कंत्राटदार तिथंच वर फरशी उकलतो, दुरुस्त करतो, बिल लावतो. पुढच्या पावसात डाग पुन्हा तिथंच.